वाळूवर लिंबू पिळा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सिक्लिड माशांबद्दल, म्हणजे आपले एंजल, ऑस्कर, डिस्कस, आफ्रिकेतल्या मालावी तलावातले ते पिवळेधमक यलो लॅब, आणि हो, मासळीबाजारात मिळते ती चिलापी पण त्यांचीच भाऊबंद. कुळ एकच, पण माहेरचं पाणी प्रत्येकाचं वेगळं. एंजल अमेझॉनकडचा, त्याला मऊ पाणी, म्हणजे क्षार कमी असलेलं, पीएच 6 ते 7 च्या आसपास. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. मालावीवाल्यांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी, पीएच साधारण 7.7 ते 8.6. म्हणून टँकमध्ये तळाला काय टाकताय ते आधी बघा. परत सांगतो, मासे नंतर, तळ आधी.

हे मला कसं कळलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पाच छोटे एंजल आणले होते, बोटाच्या पेराएवढे. आत्याचं घर निफाडला, बांधकाम झालं होतं, वाळूचा ढीग उरलेला, मी म्हटलं कशाला विकत आणायची, दोन घमेली उचलून आणली, चाळली, गच्चीवर नळाखाली धुतली, पाणी नितळ होईपर्यंत धुतली हो, पंधरा-वीस वेळा तरी. टँक मस्त दिसायला लागला. आठवड्याने टेस्टची बाटली काढली, थेंब टाकले तर पाणी निळंशार, म्हणजे पीएच वर गेलेला. दुकानातून पीएच कमी करायचं औषध आणलं, रात्री टाकलं, तासाभराने रंग हिरवा. सकाळी बघतो तर परत निळा. परत टाकलं, परत निळा. असं दहा दिवस चाललं आणि एंजल वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, कल्ले भराभर हलतायत, एक गेला, मग दुसरा गेला. मला झोप लागत नव्हती.

त्या रविवारी आत्या आली. द्राक्षबागेत आयुष्य गेलेलं तिचं. टँकसमोर बसली आणि म्हणाली, "काय रे, ही आमच्याकडची वाळू ना? ह्यात चुनखड आहे की." मी म्हटलं कुठे? तिने हात घालून चिमूटभर वाळू काढली, तळहातावर पसरली आणि नखाने दाखवलं, काळ्या दाण्यांत मळकट पांढरे, ओबडधोबड खडे, बाजरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. "आमच्या खालच्या पट्टीत हेच निघतं, त्यानेच वेलीची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबू आण." मी लिंबू आणलं. तिने एक खडा वरवंट्याने फोडला, बशीत ठेवला, वर लिंबू पिळलं आणि बशी माझ्या कानाला लावली. चुर्र... बारीक बारीक बुडबुडे, सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा आवाज. शेजारी काळा खडा ठेवला, त्यावर पिळलं, काही नाही, गप्प. आपला काळा पाषाण तसा गप्पच असतो. तो आवाज मी आजही विसरलो नाही. दुकानदाराने सांगितलं नाही ते आत्याने एका लिंबात सांगितलं.

झालं होतं असं की मी रोज आम्ल टाकत होतो आणि तळातला चुना ते खाऊन टाकत होता. चुना विरघळला की पीएच परत वर, शिवाय त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड माशांना गुदमरवणार. वाढलेला पीएच एंजल एकवेळ सोसतो, रोजची वरखाली नाही सोसत. पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पट बरं का. लक्षात ठेवा, आकड्यापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा.

एंजलच्या टँकमध्ये मग मी न फसफसणारी वाळू टाकली आणि ती निफाडची वाळू फेकली नाही, तिच्यावर यलो लॅब ठेवले. त्यांना तेच हवं होतं! ज्यांच्याकडे असली वाळू नाही त्यांनी शिंपल्यांचा चुरा किंवा कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावा. फक्त पीएच जास्त असला की माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून खाणं मोजून, आणि आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, क्लोरीन काढून. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ, त्याला तुरटी जास्त लागते आणि तुरटी पाण्यातला क्षार थोडा खाते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नळाचं पाणी टेस्ट करून मगच टाका.

आणि एक, ती लाल-निळी रंगवलेली खडी कृपा करून घेऊ नका, मला ती बघवत नाही, माशाचा स्वतःचा रंग त्यात मरतो. आणि कंटाळा आला म्हणून मासे गोदावरीत सोडू नका. चिलापी 1952 साली बाहेरून देशात आणली गेली, आज कुठल्या धरणात नाही सांगा. नदीत सोडणं हे पुण्य नाही.

शेवटी दगडांचं. मालावीचे मासे वाळू उकरतात, माझा मोठा यलो लॅब तोंडात वाळू भरतो, टँकच्या कोपऱ्यात नेऊन थुंकतो, दिवसभर तेच. म्हणून दगड आधी काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू टाका, वाळूवर दगड ठेवला तर खालून उकरून तो माशावरच पडतो. दगडावर पांढरी शीर दिसली तर तिथेही लिंबू पिळा, आमच्याकडच्या काळ्या दगडात कधी कधी असते तशी. नमस्कार.