वेग दुप्पट, ब्रेक मात्र चौपट

नमस्कार. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे श्रोते आणि विशेषतः आठवी, नववी, दहावीतले विद्यार्थी मित्रहो, वही-पेन घेऊन बसा. आज थोडे आकडे आहेत, आणि ते लिहून घेतले तरच समजतात.

सुरुवात तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीपासून करू. चाकांवरचा नंदी दोरीनं ओढला की चालतो आणि दोरी सैल सोडली की दोन-तीन फुटांवर थांबतो. का थांबला, असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, "त्याच्यातलं बल संपलं." इथंच पहिली चूक होते. बल काही नंदीच्या पोटात भरून ठेवलेलं नसतं. नंदीला थांबवलं ते आसावरच्या घर्षणानं. चाकाच्या भोकातली धूळ पुसून आसाला दोन थेंब खोबरेल तेल लावा आणि पुन्हा तेवढ्याच वेगात सोडा. तो आणखी पुढं जाऊन थांबेल. घर्षण अगदी शून्य करता आलं, तर सपाट जमिनीवर तो थांबणारच नाही. न्यूटनचा पहिला नियम हेच सांगतो. तुम्ही नंदी एकसारख्या वेगानं ओढत असता, तेव्हा दोरीचं बल आणि घर्षण एकमेकांना तोलून धरतात. निव्वळ बल शून्य असतं, तरी नंदी चालत राहतो. गती टिकवायला बल लागत नाही, ती बदलायला लागतं.

मग चालत्या वस्तूत असतं काय? ऊर्जा. थांबायचं असेल तर ती कुठंतरी द्यावी लागते. गतिज ऊर्जेचं सूत्र तुम्हाला पाठ आहे: अर्धं, गुणिले वस्तुमान, गुणिले वेगाचा वर्ग. त्यातला "वर्ग" हा शब्द मुलं म्हणतात, पण त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आजचं बोलणं त्या एका शब्दासाठी आहे.

घरी एक प्रयोग करा. वायरिंगच्या केसिंग-पट्टीचा 40 सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या. इलेक्ट्रिशियनकडे असे उरलेले तुकडे असतात. एक काचेची गोटी आणि चहाचा एक कागदी कप घ्या. कप उभा कापून त्याचे दोन अर्धे करा. पट्टीचं एक टोक पुस्तकांवर 8 सेंटिमीटर उंच ठेवा, दुसरं टेबलावर टेकवा. टेकलेल्या टोकाला पट्टीच्या जाडीची बारीक पायरी राहते. त्यावर चिकटपट्टी लावून ती मोडा, नाहीतर गोटी उडी मारते आणि सगळी मापं बिघडतात. आता खालच्या टोकापासून 8 आणि 32 सेंटिमीटरवर पेनानं खुणा करा. दुसऱ्या खुणेची उंची पहिलीच्या चौपट आहे. अर्धा कप बोगद्यासारखा पालथा ठेवा, उघडं तोंड पट्टीकडं. गोटी आधी 8 वरून आणि मग 32 वरून सोडा. ढकलायची नाही, नुसतं बोट उचलायचं. कप किती सरकला ते दर वेळी मोजा. पाच-पाच वेळा करून सरासरी काढा. दुसऱ्या वेळी कप सुमारे चौपट सरकेल. गोटी पट्टीच्या कडेला घासत आली, तर तो आकडा सोडून द्या.

आता कप बाजूला काढा. पट्टीचं खालचं टोक टेबलाच्या कडेपासून 10 सेंटिमीटर आत आणा आणि गोटी टेबलावरून खाली पडू द्या. जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरा, म्हणजे गोटी पडल्याची खूण उमटेल. अंतर टेबलाच्या पायापासून मोजू नका. दोऱ्याला किल्ली बांधून ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडा. तो ओळंबा जिथं टेकेल, तिथून मोजा. टेबल 75 सेंटिमीटर उंच असेल, तर 32 च्या खुणेवरून सोडलेली गोटी 35 सेंटिमीटरच्या आसपास पडेल, आणि 8 वरून सोडलेली त्याच्या निम्म्यावर. दोन्ही गोट्यांना खाली पडायला वेळ सारखाच लागतो, म्हणून जी दुप्पट लांब पडली तिचा वेगही दुप्पट.

दोन्ही निकाल शेजारी मांडा. वेग दुप्पट, कपाचं सरकणं चौपट. अठराव्या शतकात हॉलंडच्या ग्राव्हेसांडे यांनी पितळेचे गोळे ओल्या मातीवर टाकून हेच पाहिलं. दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुतत होता. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले यांनी 1740 मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात या प्रयोगाची बाजू घेतली. तेव्हा मोठमोठे विद्वान वेगाचा वर्ग मानायला तयार नव्हते. म्हणून तुम्हालाही तो चटकन पटला नाही, तर त्यात कमीपणा नाही.

चौपटच का? ब्रेकचं बल तेवढंच ठेवून वेग दुप्पट केला, तर थांबायला वेळ दुप्पट लागतो. त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. दुपटीची दुप्पट म्हणजे चौपट.

हेच आता सायकलवर बघू. मुलगी 40 किलोची, सायकल 15 किलोची, एकूण 55. वेग ताशी 18 किलोमीटर. आधी तो मीटर प्रति सेकंदात आणा: 5 नं गुणा, 18 नं भागा. उत्तर 5. हे न करता ताशी किलोमीटरच सूत्रात घातले, की ज्यूलचा आकडा जवळजवळ तेरा पट फुगतो. गतिज ऊर्जा सुमारे 688 ज्यूल. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून 220 न्यूटन बल लावतात असं धरू. ऊर्जेला बलानं भागलं की थांबायचं अंतर मिळतं: सव्वातीन मीटरच्या आत. उतारावर वेग ताशी 36 झाला, तर ऊर्जा 2750 ज्यूल आणि अंतर साडेबारा मीटर. ब्रेक दाबायला मनाला लागणारा एक सेकंद यात धरलेला नाही. त्या एका सेकंदात सायकल आणखी 10 मीटर पुढं गेलेली असते.

सेमिनरी हिल्सचा उतार ब्रेक दाबत उतरलात, तर दर एक मीटर उंचीमागे सुमारे 540 ज्यूल ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन जातात. खाली आल्यावर रिम कोमट लागते ती म्हणूनच. पावसात रिमवर पाण्याचा थर बसतो, घर्षण घटतं आणि 220 न्यूटन मिळतच नाहीत. अशा वेळी ब्रेक आधीपासून हलके दाबत राहा, म्हणजे पाणी पुसलं जातं. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक घसरतं. कारण थांबताना भार पुढच्या चाकावर जातो आणि मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी होते. ब्रेकची दांडी हँडलला टेकत असेल, तर तार सैल झाली आहे किंवा रबर झिजलं आहे. ते आजच बघा.

वर्धा रोडवरच्या उड्डाणपुलावरून धावणाऱ्या मेट्रोला हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागतो. तिच्या मोटारी थांबताना जनित्रासारख्या चालतात आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन परत तारेत जातो.

एक गणित घरी करा. तीच मुलगी, तीच सायकल, आणि मागं 40 किलोची मैत्रीण डबलसीट. वेग 7 मीटर प्रति सेकंद, ब्रेकचं बल तेच 220 न्यूटन. थांबायला किती अंतर लागेल? उत्तर 10.6 मीटरच्या आसपास यायला हवं. दीड मीटर आलं असेल, तर वर्ग करायचा राहिला.