घरट्यातली गाणी

(दृश्य : दाराबाहेर इवल्याशा बुटांची रांग. आतून टाळ्यांचा ठेका.)

बूट जसे बाहेर काढायचे, तशी इंग्रजीही बाहेरच ठेवायची. न्यूझीलंडमधल्या या बालवाडीला म्हणतात ‘कोहांगा रेओ’. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. शाळेत जाण्याआधीची पोरं इथे येतात, आणि दिवसभर त्यांच्या कानांवर पडते ती फक्त माओरी, इथल्या मूळ रहिवाशांची भाषा.

(दृश्य : गोल करून बसलेली मुलं. मध्ये आजी.)

आजी नाकाला बोट लावतात. ‘इहू.’ पोटावर हात फिरवतात. ‘पुकू.’ दोन्ही हात वर. ‘रिङा.’ अर्थ कुणी सांगत नाही, लागतही नाही. दुसऱ्या फेरीला लय वाढते. मागचा एक चिमुरडा नाकाऐवजी पोट धरतो, शेजारणीकडे बघतो, घाईघाईने हात वर नेतो. त्याला कुणी टोकत नाही. पुढच्या फेरीत त्याचं बोट बरोबर नाकावर असतं.

तो ‘ङ’ ऐकलात? आपण तक्त्यावर पाठ करून विसरून जातो, तोच. माओरीत कित्येक शब्दांची सुरुवातच त्याने होते. आणि ऱ्हस्व-दीर्घ तर फार जपावं लागतं. ‘केके’ म्हणजे केक; दोन्ही स्वर लांबवले, ‘केऽकेऽ’ म्हटलं, की झाली काख! म्हणून चाल बांधताना दीर्घ स्वराला पुरेशी जागा द्यायलाच हवी. सुरात तो आखूड झाला, तर पोर तोच उच्चार घेऊन घरी जाणार.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शाळेचा वर्ग.)

हीच भाषा बोलल्याबद्दल शाळेत मुलांनी मार खाल्ला आहे. १९१३ मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना ती बोलता येत होती. १९७५ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आलं. आजी-आजोबांना भाषा येत होती, आईबाबांना नाही. ही मधली पिढी ओलांडून नातवंडांपर्यंत पोचायचं होतं. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुईओमाटा इथे पहिलं घरटं उभं राहिलं. वडीलधारी माणसं शिकवायला बसली. पाठ्यपुस्तकं नव्हती, गळा होता.

आणि गळा त्यांच्या सवयीचाच. आपल्या पाळण्यात जशी रामजन्माची, शिवजन्माची कथा येते, तशी माओरींच्या ‘ओरिओरी’त वंशावळ आणि पूर्वजांच्या कथा येतात. ही गाणी तान्ह्या बाळासाठी रचलेली असतात. आजही समारंभात भाषण संपलं, की वक्त्याच्या पाठीशी उभं राहून त्याची माणसं ‘वायाता’ म्हणजे गाणं म्हणतात. ही पोरं पुढे तिथेच उभी राहणार आहेत.

(दृश्य : संध्याकाळ. गाडीची मागची सीट.)

आई गाडी सुरू करता करता गाणं गुणगुणते. ‘रिंगा...’ मागून लेक थांबवते. तोंड उघडून, जीभ मागे ओढून दाखवते. ‘रिङा.’ आई गाडी बंद करते, मागे वळते, आणि लेकीच्या तोंडाकडे बघत पुन्हा म्हणते.