चिमणीतून निघतं ते पाणी

(बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं स्वयंपाकघर. भाताचं पातेलं.)

झाकण उचललं की आतून थेंब ओघळतात. हे थेंब पाहिले की मला काक्रापारचा अणुवीज प्रकल्प आठवतो. बडोद्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला, व्याऱ्याजवळ. २२० मेगावॅटचे दोन जुने संच, ७०० चे दोन नवे.

या अणुभट्ट्यांना जड पाणी लागतं. बडोद्याला ते परकं नाही. १९७० च्या दशकात इथल्या खत कारखान्याला खेटून जड पाण्याचा कारखाना उभा राहिला. दिसायला साधं पाणीच, फक्त हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ, ड्युटेरियम. या ड्युटेरियमनं भट्टीत एक न्यूट्रॉन गिळला की झालं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. झडपांतून, पंपांच्या सांध्यांतून हे पाणी थेंबथेंब झिरपतं, त्याची वाफ होते. बरीचशी वाफ ड्रायर धरून ठेवतात. जड पाणी महाग, तेव्हा काटकसरही साधते! उरलेली हवा गाळून उंच चिमणीवाटे सोडतात. गाळण्या धूलिकण अडवतात, कोळसा आयोडीन अडवतो. वाफ मात्र निसटते.

(पहाट. उसाच्या पातीवर दव.)

ट्रिटियमच्या या पाण्यात आणि साध्या पाण्यात पातीला फरक कळत नाही. वारा चिमणीकडून असला की घेते, फिरला की काही तासांत बरंचसं सोडते. थोडं मात्र साखरेत, दाण्यात बांधलं जातं आणि टिकतं. ट्रिटियम निम्मं व्हायला १२.३ वर्षं लागतात. आपल्या अंगातलं मात्र साधारण १० दिवसांत निम्मं बाहेर पडतं. त्याचा किरण कातडीही भेदत नाही. पोटात, श्वासात किंवा वाफ होऊन कातडीतून अंगात गेलं, तरच प्रश्न.

प्रकल्पामुळे लोकांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (हे त्या मात्रेचं माप). माती आणि आकाशाकडून सरासरी २.४ तशीही मिळते. कुंपणालगतची मोजणी मर्यादेच्या बरीच खाली असते, आणि ती मला खोटी वाटत नाही. तरी जर्मनीत २००७ साली प्रकल्पांपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लहान मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त आढळला, आणि मोजलेल्या मात्रेतून त्याचा उलगडा होईना.

मला खटकते ती वर्षाची गोळाबेरीज. चिमणी रोज सारखं सोडत नाही, वाराही रोज एकाच गावावरून जात नाही.

(दुधाची बरणी, प्रयोगशाळेचं टेबल.)

प्रकल्पाजवळची सर्वेक्षण प्रयोगशाळा आसपासचं दूध, भाजी, गवत तपासते. ज्या सकाळी ते दूध काढलं, त्या सकाळी वारा कुठून होता, तेही मला त्या तक्त्यात वाचायचं आहे.