काटा ४०,००० दाखवतो, पण गाडीचं वय काय?

नमस्कार, श्रोतेहो.

जुनी स्पोर्ट्स कार विकायला निघाली की मालक एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाडी वीस वर्षांची आहे, पण चालली फक्त ४०,००० किलोमीटर. घेणाराही तेवढ्यावर खूश होतो. गॅरेजमध्ये उमर घालवलेल्या मला मात्र तिथेच पहिली शंका येते. वीस वर्षांत ४०,००० म्हणजे वर्षाला २,०००. याचा अर्थ ही गाडी चालली कमी आणि उभी जास्त राहिली. आणि ती गोव्यात उभी राहिली असेल, तर काटा काहीही दाखवो, तिचं मोठं काम केव्हाच आलेलं आहे.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरग लागला की हौसेची गाडी कव्हर घालून बंद होते, ती चतुर्थी उलटल्यावर बाहेर निघते. तोवर कव्हरखाली कोंदट हवा. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्याच्या गावांत त्या दमट हवेत मीठही. ब्रेकच्या डिस्कवर आणि पाइपांवर गंज चढतो, ॲल्युमिनियममध्ये बसवलेले लोखंडी बोल्ट जाम होतात, रबराच्या नळ्या आणि बुश कडक होऊन चिरतात. यातलं काहीही किलोमीटर बघून होत नाही. म्हणून माझं सांगणं असं की जुन्या स्पोर्ट्स कारचं काम तिच्या वयावरून ठरवा. आणि एकदा खोललीच, तर जिथवर हात पोचला तिथलं सगळं त्याच वेळी करून घ्या.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवतो. पोर्शेची पहिली बॉक्स्टर, १९९६ ते २००४ या काळात बनलेली, ९८६ या क्रमांकाने ओळखली जाणारी. दोन सीट, कापडी छत. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. सहा सिलिंडर, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपवलेले. आधी अडीच लिटरचं, नंतर २.७ लिटरचं, एस मॉडेलला ३.२ लिटरचं. वजन गाडीच्या मध्यावर असल्यामुळे चोर्ला घाटाच्या वळणांवर ती अशी काही वळते की ज्याने एकदा चालवली तो तिला सहजासहजी सोडत नाही. मीसुद्धा तिच्या प्रेमात आहे, हे उघडपणे सांगतो.

पण या गाडीचं इंजिन वरून दिसतच नाही. पुढचं झाकण उघडा, सामान ठेवायची जागा. मागचं उघडा, तिथेही सामानाचीच जागा, आणि कोपऱ्यात ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरायची तोंडं. रोज नजरेला न पडणाऱ्या गोष्टीची आठवण राहत नाही. मालक धुऊन पुसून गाडी लखलखीत ठेवतो आणि आत काय चाललंय याची त्याला कल्पना नसते.

या इंजिनातल्या सर्वांत मोठ्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चेनने पोचवायला मध्ये एक दांडा आहे, त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. या दांड्याच्या फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या, टोकाला एक बॉल बेअरिंग आहे. ते सीलबंद आहे, म्हणजे त्याला कारखान्यात भरलेल्या ग्रीसवरच जगायचं असतं. काळ जातो तसं सील सैल होतं, आतलं ग्रीस धुतलं जातं, आणि सील तिथेच असल्यामुळे इंजिनचं ताजं ऑइल मात्र पुरेसं आत येत नाही. बेअरिंग झिजून तुटलं की दांडा डगमगतो, चेनचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत या बेअरिंगला गोळ्यांच्या दोन रांगा होत्या. २००० च्या सुमारास एक रांग आली, आणि जास्त तक्रारी त्या एका रांगेच्या आहेत. या इंजिनांवर काम करणारे बरेच जण असंही सांगतात की रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या राहणाऱ्या गाडीत हे बेअरिंग लवकर जातं. मला ते पटतं. उभ्या गाडीत ऑइलमध्ये ओल साठते आणि ती उडून जाण्याइतकं इंजिन कधी तापतच नाही.

आता हे बेअरिंग बदलायचं तर आधी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मग क्लच, मग फ्लायव्हील. तेव्हा कुठे ते टोक दिसतं. वस्तू हाताच्या तळव्यावर मावणारी, आणि मजुरी जवळजवळ सगळी तिथवर पोचण्याची. त्याच जागी क्रँकशाफ्टचं मागचं सील आहे, जिथून ऑइलचे थेंब पडतात. त्याच जागी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. मालक म्हणतो, 'क्लच अजून बरा आहे, राहू दे.' दोन वर्षांनी क्लच घसरायला लागतो आणि तोच गिअरबॉक्स, तीच मजुरी, पुन्हा. गोव्यात यावर भांडणं होतात, पण मी माझ्या मतावर ठाम आहे: गिअरबॉक्स उतरला की ही सगळी कामं एकत्रच व्हायला हवीत.

मात्र नवं बेअरिंग मागवण्याच्या आधी एक गोष्ट करा. जुना ऑइल फिल्टर बाहेर काढा, कापा आणि त्याच्या कागदाची एकेक घडी उन्हात उघडून बघा. लोहचुंबकाला चिकटणारे चकाकते कण दिसले, तर ते कण इंजिनभर फिरून आलेले आहेत. अशा इंजिनात फक्त बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. ते पूर्ण खोलूनच बघावं लागेल. चांगला मेकॅनिक हे तुम्हाला आधी सांगतो, बिल झाल्यावर नाही.

पाण्याकडे वळतो. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरमागे दोन्ही कोपऱ्यांत आहेत, एस मॉडेलला मध्ये तिसरा आहे. बंपरच्या तोंडातून सुकी पानं आणि लाल माती आत जाते आणि एसीचा कंडेन्सर नि रेडिएटर यांच्यामध्ये जाऊन बसते. बाहेरून काही दिसत नाही. बंपर काढल्यावर मी तिथून मूठ मूठ काडीकचरा बाहेर काढला आहे. तो ओला राहून कुजतो आणि रेडिएटर तळाकडून कुरतडत जातो. वॉटर पंपाचं पातं मूळचं प्लास्टिकचं आहे. ते तुटलं तर तुकडे पाण्याच्या वाटांत अडकतात. म्हणून काहीजण धातूच्या पात्याचा पंप बसवतात. मी बसवत नाही. त्या पंपाचं बेअरिंग सैल झालं तर धातूचं पातं इंजिनच्या अंगालाच घासतं. प्लास्टिकचाच घ्यावा आणि वेळेवर बदलावा. मागच्या डिकीतली कूलंटची टाकीही वयाने तडकते. तिथलं कार्पेट ओलं लागलं तर पावसाला दोष देऊ नका, आधी टाकी तपासा.

पावसाचा खरा धोका वेगळ्या जागी आहे, आणि आपल्या गोव्यासाठी हीच गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कापडी छतावरून उतरणारं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांवाटे खाली जातं. गाडी आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली उभी असेल तर ही भोकं पानांच्या चिखलाने बुजतात. मग पाणी आत शिरतं, कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं. आणि सीटखाली जमिनीलगत या गाडीच्या इमोबिलायझरची पेटी आहे. ती भिजली की चावी ओळखली जात नाही. इंजिन धडधाकट, बॅटरी भरलेली, तरी गाडी सुरू होत नाही. ही पेटी बदलणं महाग आहे, नवी पेटी गाडीशी जुळवून घ्यावी लागते. भोकं साफ करायला फक्त छत अर्धं उघडावं लागतं आणि एक मऊ नळी लागते. तारेने टोचू नका, खालची नळी निसटते. मे महिन्यात एकदा आणि पावसाच्या मध्यावर एकदा, कृपा करून हे कराच.

पावसात गाडी झटके देत असेल तर इग्निशन कॉइल बघा. त्यांचं प्लास्टिक उन्हाताणाने चिरतं आणि दमट दिवशी ठिणगी भलतीकडे उडते. सहा कॉइल आणि सहा प्लग एकदमच बदलावेत.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रकारचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. अनमोड घाट उतरताना पॅडल पायाखाली मऊ होत जातं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी जागची हललेली नसली तरी. टायरचंही तसंच. बाजूला डॉट अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, दहा वर्षांच्या टायरवर पणजीच्या अटल सेतूवरून वेगाने जाऊ नका. आणि २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आहे. त्या काळातल्या गाडीच्या पेट्रोल नळ्या या प्रमाणासाठी बनलेल्या नव्हत्या. गाडी वर चढवलेलीच आहे तर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकून घ्या.

कामाची वेळ कोणती? पुष्कळजण जूनमध्ये गाडी गॅरेजला देतात, कारण तेव्हा ती वापरायची नसते. मला हे योग्य वाटत नाही. उघडलेलं इंजिन चार महिने दमट हवेत पडून राहतं आणि काम झाल्यावर कोरड्या रस्त्यावर चालवून बघता येत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करा, शिगमोच्या आत संपवा. सुटे भाग आधी मागवा, ते हातात आल्यावरच बोल्टला पाना लावा. बाहेरून येणाऱ्या मालाला वेळ लागतो, कस्टम लागतं, आणि एका सीलसाठी सुटी गाडी लिफ्टवर अडकून राहिली की सुटे बोल्ट हरवायला लागतात. मोडणार हे गृहीत धरूनच एक्झॉस्टचे बोल्ट जास्त मागवा. कागदपत्रंही याच वेळी बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होतं आणि आयात गाडीचं शुल्क देशी गाडीपेक्षा बरंच जास्त आहे. गाडी धड अवस्थेत असताना आरटीओत नेलेली बरी.

काम पूर्ण झालं की लगेच घाट गाठू नका. कूलंटमधली हवा पूर्ण बाहेर निघाली की नाही ते पाहायला आधी फोंडा ते मोले असा सपाटीचा रस्ता घ्या आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. घरी आल्यावर खाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी थेंब कुठे पडलाय ते कळतं. हजारेक किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा बदला, आठ लिटरांहून जास्त लागतं, पण इथे काटकसर नको. निघालेला फिल्टर कापा आणि पुन्हा एकेक घडी उघडून बघा. कागद स्वच्छ असेल तर पुढच्या रविवारी साखळीवरून चोर्ल्याला खुशाल जा, छत उघडं ठेवून.

नमस्कार.