ळ म्हणा की, मास्तर

नमस्कार श्रोतेहो.

७ डिसेंबर जवळ आला की शाळा-कचेऱ्यांतून ध्वजदिनाचे छोटे झेंडे फिरायला लागतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, तिन्ही दलांचे तीन रंग. १९४९ पासून हा दिवस पाळतात. आपण डब्यात पैसे टाकतो, झेंडा खिशाला टाचतो आणि संध्याकाळी तो शर्टाबरोबर धुण्यात जातो. माझाही गेलाय.

मी निवृत्त शिक्षक. आवाज बरा आहे म्हणून कामी आलेल्या जवानांच्या घरच्यांच्या सत्काराला निवेदनासाठी बोलावणं येतं. काम तसं सोपं. यादीतलं नाव पुकारायचं, मग त्या जवानाची आई, पत्नी किंवा वडील उठून व्यासपीठावर येतात, शाल-श्रीफळ होतं, टाळ्या वाजतात, पुढचं नाव.

एकदा यादी इंग्रजीत टाइप होऊन आली. इंग्रजीत ळ नाही, आणि आपल्या कोल्हापूरकडं तर ळवाल्या आडनावांची काही कमी नाही. एक आडनाव मी सरळ ल लावून वाचलं. कुणी उठेना. पुन्हा वाचलं. तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक आबा उठले, पांढरी टोपी, धोतर, आणि व्यासपीठाकडं न जाता थेट माझ्यापाशी आले. हळूच म्हणाले, "मास्तर, ळ म्हना की. ल म्हटल्यावर त्ये दुसऱ्याचं पोरगं झालं."

मी माइकवरच माफी मागितली. नाव पुन्हा पुकारलं, हुद्द्यासकट, गावासकट. तोवर आबा माझ्या शेजारीच उभे होते, पोराचा धडा बरोबर येतोय का ऐकत उभे राहावं तसे. मग ते पायऱ्या चढले.

तेव्हापासून आदल्या दिवशी प्रत्येक घरी फोन करतो. आडनाव कसं म्हणता, एवढंच विचारायचं असतं. पण फोन अर्धा तास चालतो. त्याला गावात कोणत्या नावानं हाक मारायचे, भरतीला जाताना कुणाचे बूट घालून गेला होता, हे सगळं निघतं. माइकवर यातलं काही सांगायचं नसतं. पण नाव पुकारताना मला ते ठाऊक असतं.

नावाचं एवढं काय, असं म्हणाल. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी तिथल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. शेवटी उपासमार, मग शरणागती, मग कैद. पुढं बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र आकडा, अमुक पलटणीचे इतके. घाटावरच्या कितीतरी गावांत त्या वेळचे सरकारी दगड आहेत, त्यांचीही तीच तऱ्हा: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याच्या अपशिंगे गावचा प्राण दिलेल्यांचा आकडा ४६. त्या ४६ जणांना आयांनी नावं ठेवली होती, बारशाला गूळ-खोबरं वाटलं होतं.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. तिथं त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत, शिपायापासून वरपर्यंत. तिथं रोज संध्याकाळी एखाद्या जवानाच्या घरचं माणूस येऊन पुष्पचक्र वाहतं. हे मला फार बरं वाटतं. एकाचंच घर आणि एकच संध्याकाळ.

आपल्याकडं गावात लष्करी अंत्यसंस्कार होतो तेव्हा तर सगळं गाव रस्त्यावर असतं. दुतर्फा रांगोळ्या, शाळेची पोरं, 'अमर रहे'. आणि पुष्पचक्र वाहायला मान्यवरांची रांग. ती इतकी लांबते की घरच्यांना बाजूला सरकावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाइल वर धरलेले हात तर मोजू नयेत. सैन्याची माणसं मात्र घाई करत नाहीत. 'शोक शस्त्र'चा हुकूम झाला की जवान रायफल उलटी करतात, नळी बुटाच्या टोकावर, मान खाली. हवेत फैरी झडतात, बिगुल वाजतो. अग्नी द्यायच्या आधी तिरंगा उतरवून घडी करतात, कारण ध्वज चितेवर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. ती घडी घरच्यांच्या हातात देतात. बहुधा पत्नीच्या. शेजारी उभी असलेली आई त्या वेळी आपले रिकामे हात कुठं ठेवावेत म्हणून पदराशी चाळा करत असते.

आता पत्नीचं सांगतो. समारंभाच्या दारात आपण हळदी-कुंकवाचं ताट ठेवतो. सगळ्या बायकांना कुंकू लावतात आणि जिच्यासाठी सगळा समारंभ, तिच्यापाशी ताट येऊन अडतं. गुलाबपाणी शिंपडून वेळ मारून नेतात. वीरपत्नी म्हणायचं आणि कपाळ टाळायचं! शिरोळ तालुक्यात, जिथं सैनिक टाकळीसारखं नावातच सैनिक असलेलं गाव आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. दोन आठवड्यांत राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव झाला तरी ताट धरणारा हात लगेच धजत नाही. परवाच्या कार्यक्रमात दारात नववीतली एक मुलगी होती. समोर एक वीरपत्नी आल्या, बरोबर सासूबाई. मुलगी थबकली, तिच्या शाळेच्या बाईंकडं बघायला लागली. बाई माझ्याकडं. माझ्या हातात माइक, मला काही सुचेना. सासूबाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि सुनेला म्हणाल्या, "वाक जरा, हात पुरत न्हाई माझा."

त्या वाकल्या. मग चष्म्यावर पडलेलं कुंकू पुसत पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.