राजापूरचा खासदार

(पहाट. पानवलचा पूल. बोगद्यातून गाडी बाहेर पडते.)

रत्नागिरीजवळचा हा पानवलचा पूल. जवळजवळ 64 मीटर उंच. गाडी यावरून जाते तेव्हा खिडकीशी बसलेला प्रत्येक चाकरमानी खाली वाकून बघतोच. कोकण रेल्वेच्या या वाटेसाठी राजापूर मतदारसंघानं एक माणूस पाच वेळा दिल्लीला धाडला. प्राध्यापक मधू दंडवते.

(जुनी छायाचित्रं.)

जन्म 1924 चा, अहमदनगरचा. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. 1955 मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. कोकणचे ते मुळात नव्हेतच. पण जानेवारी 1971 मध्ये राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै अचानक गेले, राजापूर पोरकं झालं, आणि दोनच महिन्यांत निवडणूक आली.

(भिंतीवर रंगवलेली निवडणूक चिन्हं.)

ही चिन्हं नीट बघा. 1971 ला झोपडी. देशभर काँग्रेसच्या गाय-वासराची लाट, प्रजा समाजवादी पक्षाचे सगळ्या देशात मिळून दोन खासदार आले. त्यातले एक राजापूरचे. 1977 ला जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी. 1980 ला तोच. 1984 ला इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसनं चारशेचा आकडा ओलांडला, जनता पक्ष दहा जागांवर आला, तरी राजापूर हललं नाही. 1989 ला चिन्ह पुन्हा बदललं, जनता दलाचं चक्र. पक्ष बदलत गेले, फुटत गेले. कोकणी माणूस चिन्ह शोधत नव्हता, दंडवत्यांचं नाव शोधत होता.

मधे आणीबाणी. जून 1975 मध्ये बंगळूरला अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात.

(रेल्वेचा डबा. एक बोट बर्थची गादी दाबतं.)

बोट किती खाली जातं ते बघा. दोन इंच. 1977 मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले, तोवर दुसऱ्या वर्गात रात्र काढायची म्हणजे उघड्या लाकडी फळीवर. सकाळी उठल्यावर फळीच्या रेघा अंगावर. पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, दुसरा वर्ग वर आणायचा, असं त्यांनी ठरवलं आणि फळीवर फोम आला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुटली. तिला पहिला वर्गच नव्हता. 1974 च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. आमच्या मते त्यांच्या मंत्रिपदाचं मोल या तीन गोष्टींत आहे.

(रुळ, डोंगर, कापलेला जांभा.)

आणि कोकण रेल्वे. आपटा ते रोहा हा टप्पा मंत्री असताना हाती घेतला. रोह्याला गाडी पोचायला 1986 उजाडलं. पुढचं सगळं अडलं ते पैशावर. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून एवढा मार्ग होणं शक्य नव्हतं. मग डिसेंबर 1989 मध्ये योग जुळला: दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एक जण मार्ग मागणारा, दुसरा तिजोरी सांभाळणारा, आणि दोघांनाही कोकण हवं होतं. स्वतंत्र महामंडळ काढायचं ठरलं. भांडवलात रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकचे 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. 19 जुलै 1990 ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, 91 बोगदे. त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा.

(बोगद्यातला अंधार. फक्त रुळांचा आवाज.)

1991 ला दंडवते राजापुरातून हरले. ज्यांच्या जमिनी रुळाखाली गेल्या, त्यांचाही हिशेब याच वर्षांत आहे.

26 जानेवारी 1998. सबंध मार्ग खुला झाला. त्या वेळी ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, लोकसभेत नव्हते. 12 नोव्हेंबर 2005 ला मुंबईत ते गेले. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि राजापूर हे नावही लोकसभेच्या यादीतून गेलं.

(कुडाळ स्थानक. गणपतीच्या आदल्या दिवसाची गर्दी. पिशव्या, पोरं, मखराचे खोके.)

गाडी फलाटाला लागते आहे.