तळ्यावरचं मैदान

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरातल्या विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर, म्हणजे आपल्या धर्मवीर संभाजी तलावावर, सकाळी फिरायला गेले होते. काठावर एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. पोरगं म्हणालं, "आजोबा, इथं क्रिकेट खेळूया का?" समोर पाणी होतं, पण जलपर्णीनं ते असं झाकून टाकलेलं की पोराला मैदान वाटलं. आजोबांनी त्याचा हात घट्ट धरला. तो धरलेला हात माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

गावाकडं हिला केंदाळ म्हणतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून बंगालात आली. फूलच तसं आहे हो! फिकट जांभळं, सहा पाकळ्यांचं, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. पुढं तिनं तिथल्या नद्या आणि भातखाचरं अशी व्यापली की १९३६ साली बंगालात खास तिच्यासाठी कायदा करावा लागला.

कधी काठाशी आलेलं एखादं रोप उचलून बघा. देठाला फुगा असतो. तो चिमटीत दाबला की स्पंजासारखा दबतो, आणि आडवा कापला की आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतात, हवेनं भरलेली. त्यावरच ती तरंगते. खाली काळपट मुळांचा झुपका. आणि बुंध्यातून एक दोरीसारखा फुटवा निघालेला, त्याच्या टोकाला छोटं रोप. दोरी तुटली की लेक वेगळी, तिचा संसार वेगळा. ऊन आणि सांडपाणी दोन्ही मिळालं तर दोन आठवड्यांत ही दुप्पट होते. म्हणजे आज तळ्याचा आठवा हिस्सा झाकला असेल, तर सहा आठवड्यांत अख्खं तळं झाकलं जातं. आठवा हिस्सा झाकलेला असतो तेव्हा मात्र कुणालाच घाई वाटत नाही.

खाली काय होतं? ऊन पाण्यात उतरत नाही, वाऱ्यानं पाणी ढवळत नाही. जुनी पानं कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. उजनीच्या बॅकवॉटरला चिलापी धरणाऱ्यांना विचारा, होडी पुढं जात नाही आणि जाळं टाकलं की केंदाळच भरून येतं. डासांचं तर आणखी वेगळं. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या हिच्या मुळांत नळी खुपसून तिथली हवा घेतात. श्वासाला वर यायची गरजच नाही, मग पाण्यावर तेल टाकून काय उपयोग?

आणि आपल्या सोलापूरकरांना सगळ्यात जास्त लागावी अशी गोष्ट म्हणजे पाणी. ही पानांवाटे सतत पाणी हवेत सोडते. बऱ्याचदा उघड्या तळ्याचं जेवढं बाष्प होतं, त्याहूनही जास्त. चाळीसच्या वर पारा जाणाऱ्या, नळाची वाट बघणाऱ्या गावाला हे कसं परवडायचं?

जलपर्णी दिसते तळ्यावर, पण तिचं जेवण येतं नाल्यातून. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेत येतं आणि उजनीत थांबतं. आपल्या गावातले नालेही तळ्यांनाच मिळतात. त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस हे तिचं खत. म्हणून मला तळ्यावर तणनाशक औषध फवारण्याच्या उपायाचा मनापासून राग येतो. औषधानं मेलेली रोपं तिथंच बुडून कुजतात, खत पुन्हा पाण्यातच, आणि उरलेल्या रोपांना आयतं ताट. काढून काठावर ढीग लावला तरी पहिल्या पावसात तो परत तळ्यात. ती बाहेर काढून दूर नेली, तरच तळ्यातला तेवढा मैला खरोखर कमी होतो.

नेऊन करायचं काय? आधी वजनाचं बघा. १०० किलो ओल्या जलपर्णीत ९० किलोहून जास्त पाणीच असतं. ट्रक भरून लांब नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. जवळच दोन-चार दिवस उन्हात सुकवावी, बारीक करावी, शेण आणि पालापाचोळ्याच्या थरांत घालून अधूनमधून उलटवावी. चांगलं खत होतं, गांडुळांनाही चालतं. शेणाबरोबर गोबरगॅसमध्येही घालता येते. पण एक सांगते: जिथं कारखान्यांचं पाणी मिसळतं तिथली जलपर्णी शिसं, कॅडमियम शोषून घेते, विशेषतः मुळांत. ती जनावरांना घालू नका, भाजीच्या वाफ्यालाही तिचं खत नको.

दाटीत वाढलेल्या रोपांचे देठ लांब आणि सरळ होतात. आसामात ते सुकवून त्यांच्या पिशव्या, टोपल्या, चटया विणतात. चादरी विणणाऱ्या आपल्या गावातल्या हातांना हे काम अवघड जाईल असं मला वाटत नाही. मात्र विणकामासाठी जलपर्णी राखून ठेवू, असं कुणी म्हणू नये. टोपल्यांसाठी तळं द्यायचं नाही, तळं मोकळं करताना टोपल्या झाल्या तर घ्यायच्या.

१९८३ साली बेंगळुरूच्या बाजूला तळ्यांत हिला खाणारे छोटे भुंगेरे सोडले होते, हिच्याच मुलखातून आणलेले. त्यांनी काही तळी काही वर्षांत मोकळी केली. पण सांडपाणी भरपूर असलं की भुंगेरे खातात त्याहून वेगानं ही वाढते. पुन्हा तोच नाला.

शेवटी बियांचं. फूल कोमेजलं की त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाला बसतं. ते चिखलात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. वैशाखात आपली तळी आटतात, काठाचा ओला चिखल उघडा पडतो, आणि नेमकं तिथंच ते रुजतं. म्हणून मे महिन्यात तळ्यावर जाल तेव्हा पाण्याकडं बघू नका, काठाच्या चिखलाकडं बघा. गवतासारखी बारीक, लुसलुशीत रोपं दिसतील. तेव्हा ती दोन बोटांत उपटून येतात.

नमस्कार.